‘बेडा’ म्हणणारा मुलगा आणि बेडूक झालेली आई

प्रश्न : आदरणीय बाईंना नमस्कार. बेळगावच्या वडगावात आमचे एकत्र कुटुंब आहे. मला चार वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी आहे. यजमान उद्यमबागेतील एका कारखान्यात कामाला असून दुसरी पाळी असली की त्यांना घरी यायला रात्रीचे साडेअकरा होतात, आणि मुलगा त्यांची वाट पाहत तोपर्यंत जागा राहतो. सकाळी साडेआठला बालवाडीची रिक्षा येते. त्याआधीच्या तासाभरात त्याला दात घासायला नको असतात, अंघोळ नको असते आणि बाहेर पावसाची झड लागलेली असताना रेनकोटही नको असतो. शेजारच्या कन्नड मुलांबरोबर खेळून तो हल्ली ‘नको’ऐवजी ‘बेडा, बेडा’ म्हणायला शिकला आहे. गेल्या आठवड्यात माझा हात त्याच्यावर उठणारच होता, पण काय सुचले कोणास ठाऊक, ‘बेडूक? कुठे आला बेडूक?’ असे म्हणत मी त्याच्या रेनकोटची टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि स्वयंपाकघरात उड्या मारल्या. तो हसून हसून खाली बसला आणि त्याने मुकाट्याने बाह्यांत हात घातले. सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘हे काय करूलालीस ग? आईचा धाक राहिला नाही तर उद्या पोरं डोक्यावर बसतील.’ त्या मनाने फार मायाळू आहेत. धाकटीला दोन्ही वेळा त्याच ‘चिऊचा घास, काऊचा घास’ करत भरवतात. त्या दिवसापासून मी असले चाळे त्यांच्या नकळत करते. आईने असे वागल्याने मुले बिघडतात का? आणि रोज उठून हे मला जमेल, असेही वाटत नाही.
— एक आई, वडगाव

उत्तर : आपल्या पत्रातले एक वाक्य आपण सहज लिहून गेला आहात, पण माझे उत्तर तिथूनच सुरू होते. भाताचा घास चिमणीचा नसतो, हे आपल्या सासूबाईंना ठाऊक आहे आणि दोन वर्षांच्या नातीलाही ते बऱ्यापैकी कळते, तरीही दोघी मिळून तसे मानतात आणि ताट रिकामे होते. आपण बेडूक होऊन नेमके हेच केले. फरक इतकाच, की आजी बसल्या जागेवरून खेळ करतात आणि आपण उड्या मारल्या. त्यामुळे हे लपवून करू नका. उलट एखाद्या सकाळी ‘आई, तुम्ही चिऊ-काऊ करून तिला भरवता, ते बघूनच मला सुचलं’ असे त्यांना सांगून पाहा. त्यात खोटे काहीच नाही.

चार वर्षांच्या मुलावर हा उपाय का चालतो, हे समजून घेतले तर तो कधी चालणार नाही हेही कळेल. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांच्या विचाराचे एक वैशिष्ट्य नोंदवले आहे, ते असे की या वयातील मुले निर्जीव वस्तूंनाही मन आणि इच्छा आहेत असे मानून चालतात. म्हणूनच ‘मोजे घाल’ हा हुकूम ज्या कानावरून जातो, त्याच कानाला ‘या मोज्याला भूक लागली आहे, त्याला तुझा पाय हवा आहे’ हे पटते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. एवढ्या मुलाच्या दिवसात त्याने स्वतः ठरवलेले असे जवळजवळ काहीच नसते. कधी उठायचे, काय घालायचे, कोणत्या रिक्षात बसायचे हे सगळे मोठ्यांनी ठरवलेले असते आणि त्याच्या हाती ‘नको’ हा एकच शब्द उरतो. आई जेव्हा वेंधळी होते, टोपी भलतीकडे घालते आणि तिची चूक त्याच्या लक्षात येते, तेव्हा घटकाभर तो शहाणा असतो आणि आई अडाणी असते. एवढा मान मिळाला की बहुतेक मुले बाहीत हात घालायला तयार होतात.

शेजारच्या कन्नडचे तर आपण आभार मानायला हवेत. दोन भाषा कानावर पडणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना शब्दांच्या गमतीचा जो साठा आयता मिळतो, तो पुण्याच्या मुलाला मिळत नाही. कन्नडमध्ये दात म्हणजे ‘हल्लु’, तेव्हा ‘हल्लु घासताना हलू नको’ या वाक्यावर चार वर्षांचे मूल ब्रश तोंडात धरून हसते. दूध म्हणजे ‘हालु’, म्हणून ‘हालु हळूहळू पी’. कन्नडमधला ‘बा’ म्हणजे ‘ये’ आणि आपला खेड्यातला ‘बा’ म्हणजे बाप, यावर तर अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. धाकटीसाठी गंमत याहून सोपी ठेवावी लागेल. दोनच्या आसपासची मुले वस्तूचा भलताच उपयोग केला किंवा तिला चुकीचे नाव दिले की हसतात. चप्पल कानाला लावून फोन करणे किंवा मांजराला ‘गाय’ म्हणणे तिला पुरे. अर्थात खरे नाव ठाऊक असल्याशिवाय चुकीच्या नावाचे हसू येत नाही, म्हणजे तिचे हसणे हा तिच्या शब्दसंग्रहाचा दाखलाच समजा.

मी अनेक वर्षे शहापुरात बालवाडी चालवली. भिंतीपलीकडे यंत्रमाग होते आणि त्यांच्या खटक-खटक आवाजावर आमची मुले हात धुवायला रांगेने जात. माग बंद असला की रांग मोडे, म्हणून अशा दिवशी मी स्वतःच तोंडाने मागाचा आवाज काढत असे. आपल्या वडगावातही मागाचा आवाज सकाळी कानावर पडत असेल, तर त्या तालावर दात घासून पाहा. चष्मा कपाळावर असताना तो शोधत फिरण्याचा माझा खेळही वर्षानुवर्षे चालला होता. शेवटी एका मुलीने मला बाजूला बोलावून अत्यंत गंभीरपणे सांगितले, ‘बाई, तुम्ही हे रोज करता.’ दुसऱ्या दिवशी तिनेच माझा चष्मा लपवला. मुलाने आपली गंमत उचलून ती आपल्यावरच उलटवली तर त्याला रागावू नये.

धाकाविषयी सासूबाईंना वाटणारी काळजी मी उडवून लावणार नाही. आई नियमच सोडून देईल, अशी त्यांना भीती असावी, आणि ती अगदीच निराधार नाही. काही घरांत ‘हसला ना, मग आज राहू दे रेनकोट’ असे होते. तिथे गंमत संपते आणि मुलाला पळवाट सापडते. रेनकोट घालायचा की नाही, हा प्रश्न खेळात येऊच नये. तो बेडकासारखा घालायचा की हत्तीसारखा, एवढेच खेळाने ठरवावे. आपल्या मुलाने त्या दिवशी बाह्यांत हात घातले, म्हणजे नियम पाळला गेला आणि चापटही वाचली. लहान मुलांनी खेळातून शिकावे हा विचार आजकालचा आहे, असेही त्यांना वाटत असेल. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले, त्यांच्याबरोबर तिथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला आणि पुढे अंगणवाडीची कल्पना रुजवली. मुलाला धाकात ठेवण्यापेक्षा त्याला हातांनी काम करू द्यावे, खेळू द्यावे, हे आपल्याकडे शंभर वर्षांपासून सांगितले जात आहे.

गंमत कुठे करू नये, हेही स्पष्ट लिहिते. बंबातले कढत पाणी, पेटलेला गॅस आणि भर रस्ता यांच्याजवळ बेडूक नको. तिथे एकच शब्द, खणखणीत आवाजात आणि हात धरून. मूल खरोखर भ्यालेले असेल किंवा त्याला लागलेले असेल, तर आधी त्याला जवळ घ्यावे. त्या वेळी केलेला विनोद त्याला थट्टा वाटतो. टोमणा आणि गंमत यांतही घोटाळा होतो. ‘वा, फारच शहाणा आहेस!’ यातला उपरोध शाळेत न जाणाऱ्या मुलाला कळत नाही. त्याला फक्त आवाजातला राग कळतो. मूल आपल्याला हसत असेल तर तो खेळ असतो, पण सगळे घर मुलाला हसत असेल तर तो खेळ नव्हे. पाहुण्यांसमोर त्याचे बोबडे बोल वदवून घेणे हे याच दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि बागुलबुवाची किंवा इंजेक्शनची भीती घालणेही.

आता आपल्या पत्रातली साडेअकराची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारची झोप धरून, 10 ते 13 तास झोप हवी. रात्री साडेअकराला झोपून सकाळी सातला उठणाऱ्या मुलाची रात्री साडेसात तास झोप होते. दुपारी दोन तास झोपला तरी भरपाई होत नाही. म्हणजे त्याच्या सकाळच्या ‘बेडा’तला निम्मा हट्ट हा हट्ट नसून अपुरी झोप असावी, आणि कितीही उड्या मारल्या तरी ती भरून निघत नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बाबांशी भेट सकाळी ठरवावी. त्याला उठवण्याचे आणि दात घासून देण्याचे काम बाबांकडे सोपवले तर रात्री वाट पाहण्याची त्याला गरज उरणार नाही. पहिले तीन-चार दिवस तो रडेल, याची मात्र मनाची तयारी ठेवा. झोपण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात दंगामस्ती टाळा. बेडकालाही त्या वेळी झोप आलेली असावी.

रोज जमेल का, याचे उत्तर नाही असे आहे, आणि तसे जमावे अशी कोणी अपेक्षाही करू नये. ज्या दिवशी अंगात त्राण नसेल, त्या दिवशी कमी शब्दांत, न ओरडता त्याला उचलून कपडे घालावेत. बळेबळे आणलेला विनोद मुले लगेच ओळखतात. आणि एकच बेडूक त्याने वीस वेळा मागितला, तर ‘आता बेडूक डबक्यात गेला, उद्या येईल’ असे सांगून थांबायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : मला तीन वर्षांची मुलगी आहे. माझा स्वभाव मुळातच अबोल आहे आणि दुकान बंद करून घरी येईपर्यंत मी थकलेला असतो. पत्नीसारखे सोंग मला येत नाही. मी फक्त तिला गुदगुल्या करतो. त्यात ती खूप हसते. तेवढे पुरेसे आहे का?
— एक वडील, निपाणी

उत्तर : गुदगुल्यांचे हसू हे बरेचसे शरीराचे हसू असते, नको असतानाही ते आवरत नाही. त्यामुळे ती हसते आहे, यावरून तिला ते हवे आहे असे समजू नका. ती ‘पुरे’ म्हणाली की त्याच क्षणी हात मागे घ्या, म्हणजे आपल्या शब्दाला बाबा मानतात हे तिला कळेल. सोंग आणणे आपल्याला जमत नसेल तर ते तिच्याकडे सोपवा. घरी आल्यावर हातपाय धुऊन सतरंजीवर आडवे व्हा आणि तिला डॉक्टर होऊ द्या. आपण फक्त रोगी व्हायचे, ती सांगेल तिथे ‘आई ग’ म्हणायचे आणि तिने दिलेले खोटे औषध कडू लागल्यासारखे तोंड करायचे. दहा मिनिटे पुरतात. अबोल माणसाला रोग्याचे काम चांगले जमते, आणि थकलेल्या पाठीला सतरंजीही मिळते.