जुन्या अल्टोचा पुढचा अ‍ॅक्सल घरी बदलता येईल का?

तुमची 2006 ची अल्टो यू-टर्न घेताना डाव्या पुढच्या चाकातून कट-कट वाजते आणि मेकॅनिकने गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा शाफ्ट, म्हणजे अख्खा अ‍ॅक्सल बदलायला सांगितलाय. काम घरी जमेल, पण सामान आणायच्या आधी स्टेअरिंग पूर्ण वळवून चाकामागे वाकून बघा. घड्या-घड्यांचा रबरी बूट फाटलाय का? रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालंय का? तसं असेल तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा सांधा) गेला. आत 6 गोळ्या खाचांमधून फिरतात. ग्रीस बाहेर गेलं आणि धूळ आत शिरली की त्या खाचा झिजतात. एकदा आवाज सुरू झाल्यावर नवा बूट घालून उपयोग नाही. उलट, बूट फाटलाय पण आवाज नाही, तर फक्त बूट आणि ग्रीस बदला, बरेच पैसे वाचतील. सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरत असेल तर आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जॉइंट संशयित.

मी माझ्या जुन्या गाडीचे दोन्ही अ‍ॅक्सल बदललेत. सगळ्यात जास्त वेळ चाकाच्या मधल्या मोठ्या नटने खाल्ला. तो गाडी जमिनीवर असतानाच, कुणाला तरी ब्रेक दाबून बसवून सैल करा. ठोकून लॉक केलेला असेल तर छन्नीने कडा उचला, पिन असेल तर ती काढा. मग गाडी उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालू नका, एवढं माझं ऐकाच.

गिअर ऑइल काढा, खालचा बॉल जॉइंट (नकलला खालच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा) सोडवा, नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) बाहेर ओढा. शाफ्ट धरून खेचू नका, आतला जॉइंट सुटून येतो. गिअरबॉक्सकडच्या टोकाला टॉमी (लोखंडी पहार) लावून झटका द्यायचा.

नवा शाफ्ट घालताना माझ्याकडून स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते) ऑइल सीलला (गिअरबॉक्सचं तेल अडवणाऱ्या रबरी रिंगला) घासली. दुसऱ्याच दिवशी गाडीखाली तेलाचे थेंब, आणि सगळं पुन्हा खोलावं लागलं. म्हणून सील नवीनच आणा, ओठाला तेल लावा, शाफ्ट दोन्ही हातांनी सरळ धरून आत सरकवा. सर्कलिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी तारेची रिंग) बसल्याचा टक् आवाज यायला हवा.

नट नवाच वापरा आणि टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, कारण चाकाच्या बेअरिंगची पकडही त्याच नटवर अवलंबून असते. शेवटी गिअर ऑइल भरा, मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण स्टेअरिंग वळवून हळू चालवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली कागद घालून तेलाचा डाग पडतो का बघा.