काळ्या खिडकीतला फॉन्ट सारखा का बदलतो?

भाऊ, कॉम्प्युटर बिघडला नाही तुझा. कमांड प्रॉम्प्टचा (म्हणजे विंडोजमधली हुकूम टाइप करायची काळी खिडकी) फॉन्ट, रंग, खिडकीचा आकार ज्या शॉर्टकटवरून बदलला, त्याच शॉर्टकटच्या फाइलीत साठतो. म्हणून डेस्कटॉपवरून उघडलं की अक्षरं ठळक, अन् रनच्या चौकटीत (विंडोज + R) सीएमडी, म्हणजे कमांड प्रॉम्प्टचं छोटं नाव, टाकलं की मुंगीएवढी.

सुरुवातीला दोनच गोष्टी:
१. टायटल बारवर (जुन्या काळ्या खिडकीच्या, नव्या विंडोज टर्मिनलच्या नव्हे) राइट क्लिक करून 'डिफॉल्ट्स'मध्ये फॉन्ट ठरव, खिडकी बंद करून पुन्हा उघड.
२. 'प्रॉपर्टीज' त्या एका शॉर्टकटपुरतंच. नवखे इथंच फसतात. एकदा प्रॉपर्टीज बदललेला शॉर्टकट डिफॉल्ट्सला जुमानत नाही. तो पुसून नवा कर.

परभणीच्या दुकानात मी फाइली पुसायच्या शॉर्टकटला मुद्दाम लाल पार्श्वभूमी दिलीय. लाल दिसलं की हात आपोआप थांबतो.

रजिस्ट्रीला (विंडोजच्या सेटिंग्ज साठतात ती जागा) सध्या हात लावू नको.