बॉल गेला की मागे पळ

प्रिय पोरी,

रविवारी रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला आणि त्याच्याखाली तो व्हिडिओ. एक मिनिट चाळीस सेकंदांचा, तुझ्या बास्केटबॉलच्या तीन मॅचमधले तुकडे जोडून केलेला. त्यात तुझे सहा बास्केट आहेत, दोन चांगले पास आहेत आणि कोपऱ्यातून मारलेला एक थ्री-पॉइंटर आहे, जो खरोखर सुरेख होता. खाली लिहिलंयस, "मॅडम, गेल्या वर्षी मी अठ्ठावीस मिनिटं खेळत होते. आता सात. माझं काय चुकतंय ते तरी सांगा. की नुसतं पॉलिटिक्स आहे?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्या तुकड्यांवरून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. शनिवारची पूर्ण मॅच तुमच्यापैकी कुणाच्या तरी भावाने स्टँडवर मोबाइल लावून शूट केली होती. ती मी मागवून घेतली आणि दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा पाहताना हातात वही होती.

तू गुणी आहेस, मेहनती आहेस, हे मी लिहीत बसत नाही. सहावीत असताना तू आमच्या सिमेंटच्या कोर्टवर आलीस, तेव्हापासून ते मला माहीत आहे. सरळ वहीत काय आहे ते सांगते.

तू कोर्टवर होतीस त्या सात मिनिटांत पाच वेळा तुझ्याकडून बॉल गेला किंवा तुझा शॉट चुकून परत उडालेला बॉल, म्हणजे रिबाउंड, त्यांना मिळाला. पाचपैकी एकदा तू मागे पळालीस. चार वेळा उभी राहिलीस.

त्यातला एक प्रसंग मी इतक्यांदा मागे नेऊन पाहिला की माझ्या नवऱ्याने विचारलं, नेट गेलंय का. दुसरा क्वार्टर. तू डावीकडून आत घुसलीस, त्यांची उंच मुलगी मदतीला आली आणि तिने तुझ्या हातातून बॉल उडवला. हाताला हात लागला होता. माझ्या मते तो फाउलच होता. शिट्टी वाजली नाही. तू दोन्ही हात पसरलेस, रेफरीकडे वळलीस आणि तशीच थांबलीस. तुझे हात खाली येईपर्यंत त्यांची नऊ नंबरची मुलगी हाफ लाइन ओलांडून गेली होती. आणि पलीकडच्या कोपऱ्यातून तुमची ती फर्स्ट इयरची लहानखुरी मुलगी, गुडघ्याला नी-कॅप लावलेली, तुझ्या अंगावरून धावत गेली. तिला काही ते जमलं नाही, बास्केट झालाच. पण त्या वेळी व्हिडिओच्या कडेला तुमचे सर दिसतात, तिकडे बघ. ते तुझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी मान वळवून बेंचच्या टोकाकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते, मी स्वतः तशी कितीदा तरी पाहिली असेन. अर्ध्या मिनिटात तुझ्या जागी बदली मुलगी आली.

बॉल गेला की आधी मागे पळायचं. बाकी सगळं नंतर. रेफरी चुकला असेल, पास देणारी चुकली असेल, तुझा बूट घसरला असेल. सगळं खरं असेल. आधी मागे पळायचं.

तुला हे लहान मुलींना सांगायचं वाटेल. सहावीत असताना मी तेच ओरडत होते ना, "बॅक, बॅक!" आता टी.वाय.ला आहेस म्हणून ते संपलं, असं तुला कुणी सांगितलं? कोर्ट अजून अठ्ठावीस मीटरचंच आहे. तू दोन सेकंद हात पसरून उभी राहिलीस की तिकडे पाच जणींसमोर चारच उरतात, आणि त्या चौघींपैकी एकीला दोघी सांभाळाव्या लागतात. तू टाकलेला बास्केट स्कोअरशीटवर तुझ्या नावापुढे लिहिला जातो. तू उभी राहिल्यामुळे झालेला बास्केट कुणाच्याच नावावर लिहिला जात नाही. पण कोचच्या डोक्यात तो लिहिलेला असतो.

आणि मिनिटांचं म्हणशील, तर तेही गणित करून बघ. चाळीस मिनिटं, कोर्टवर पाच जणी, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये वाटायला दोनशे मिनिटं असतात आणि बारा जणी हात पुढे करून बसलेल्या असतात. तुझी एकवीस मिनिटं हवेत गेलेली नाहीत. कुणीतरी ती खेळतेय. त्यातली बरीच त्या नी-कॅपवालीकडे गेली आहेत, आणि तिचा शॉट तुझ्या निम्म्यानेही चांगला नाही, हे मलाही दिसतं.

तुम्ही सगळ्या एनबीएचे, त्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, व्हिडिओ बघता, म्हणून त्यातलंच सांगते. 2016 ची फायनल, सातवी मॅच, ओकलंडमध्ये. स्कोअर 89-89, दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला. क्लीव्हलंडच्या कायरी अर्विंगचा शॉट चुकला, रिबाउंड गोल्डन स्टेटच्या आंद्रे इग्वोडालाला मिळाला आणि तो आणि स्टेफ करी असे दोघं सुटले. पुढचं तुला पाठ आहे. क्लीव्हलंडचा लेब्रॉन जेम्स मागून धावत आला आणि इग्वोडालाचा लेअप, म्हणजे जाळीजवळ जाऊन टाकलेला बॉल, त्याने बोर्डवरच दाबला. क्लीव्हलंडने मॅच 93-89 अशी जिंकली, मालिकेत 1-3 ने मागे असताना विजेतेपद घेतलं. सगळे लेब्रॉनचा हात बघतात. आता तो तुकडा पुन्हा लाव आणि जे. आर. स्मिथकडे बघ. त्या दोघांसमोर क्लीव्हलंडचा तो एकटा होता. त्याने फाउल केला नाही, फक्त उडी मारली, आणि त्याला चुकवायला इग्वोडालाला हवेत बॉल क्षणभर खाली घ्यावा लागला. तेवढ्यात लेब्रॉन पोचला. स्मिथ तिथे नसता तर लेब्रॉनला बॉल जाळीतून पडताना दिसला असता. स्कोअरशीटवर ब्लॉक एकट्या लेब्रॉनचा आहे.

त्याच इग्वोडालाचं आणखी एक. साडेसातशेहून जास्त मॅच तो स्टार्टिंग फाइव्हमध्ये, म्हणजे सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांत, खेळला होता, एकदाही बेंचवरून आला नव्हता. 2014-15 च्या सीझनला नवे कोच आले आणि त्यांनी त्याला बेंचवर बसवलं. वर्षभर तो बेंचवरून येत राहिला. फायनलमध्ये टीम 1-2 ने मागे पडली तेव्हा चौथ्या मॅचला त्याला स्टार्ट दिला, आणि मालिका संपल्यावर फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याला राग आला नसेल का? आला असेलच. पण त्या वर्षभरात त्याचे पाय थांबले असते, तर चौथ्या मॅचला कोचने बेंचवर दुसऱ्या कुणाला शोधलं असतं.

आता माझं सांगते. हे मी फार जणींना सांगितलेलं नाही.

1990 साली मी युनिव्हर्सिटीकडून वेस्ट झोनची, म्हणजे पश्चिम विभागाची, स्पर्धा खेळले. तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असायचे, आणि आम्ही मुली मुलांच्याच मोठ्या, सात नंबरच्या बॉलने खेळायचो. तुमचा सहा नंबरचा बॉल बराच नंतर आला. मी गार्ड होते, आणि सगळ्यांत जास्त पॉइंट माझेच असायचे, हे मला कुणी विचारायच्या आधी मी सांगायचे. उपांत्य सामन्यात कोचनी मला स्टार्ट दिला नाही. का, ते सांगितलं नाही. मी बेंचच्या टोकाला जाऊन बसले, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि वॉर्मअपसाठी उठा म्हटल्यावर बाकीच्या उठल्या, मी उठले नाही. दुसऱ्या हाफला चार मिनिटं राहिली असताना त्यांनी मला हाक मारली. दोन पॉइंटने मागे होतो. माझे पाय दगडासारखे थंड पडले होते. पण खरं कारण ते नव्हतं. इतका वेळ बसवलं आणि आता गरज पडली होय, हे माझ्या मनात होतं. मी म्हणाले, "सर, पायात गोळा आलाय."

गोळा आला नव्हता.

माझ्या जागी खेळणारी मुलगी चार फाउलवर होती, पाचवा झाला की बाहेर. तिला काढता आलं नाही. मिनिटभरात तिचा पाचवा झाला आणि ती रडत बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि मला म्हणाली, "तुझा पाय कसाय?" आम्ही तीन पॉइंटने हरलो. परतीच्या गाडीत ती माझ्या पोटरीला बाम चोळत होती. आज ती दोन मुलांची आजी आहे, दिवाळीला फोन करते. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही, आणि दर दिवाळीला फोन ठेवल्यावर मला तो बामचा वास येतो.

कोचचं चुकलं होतं का? हो. मी आजही म्हणेन, चुकलं होतं. मला बसवायला नको होतं, निदान सांगायला तरी हवं होतं. छत्तीस वर्षं मी बरोबर आहे. आणि त्या बरोबर असण्याने मला काय मिळालं? माझा शेवटचा सामना मी ट्रॅकसूटमध्ये खेळले.

म्हणून पॉलिटिक्सबद्दल तू विचारतेस तेव्हा मी नाही म्हणणार नाही. असतं. कुणाचा फोन आला म्हणून नाव आलेलं मी पाहिलंय, कुणाचा फोन आला नाही म्हणून गेलेलंही पाहिलंय. सर्टिफिकेट, सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण, त्यावर तुझ्या बाबांनी बांधलेलं गणित, हे सगळं मला कळतं. पण शनिवारी चार वेळा जी उभी राहिली, तिला पॉलिटिक्सने उभं केलं नव्हतं. पॉलिटिक्स असलं तरी मागे पळायचंच आहे. तुला बसवायचं असेल, तर त्यांना खोटं कारण शोधायला लाव. खरं कारण तूच त्यांच्या हातात देऊ नकोस.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. पाच फूट अकरा इंच, हात मऊ, पायात लय. अशी मुलगी कोचला आयुष्यात एक-दोनदाच मिळते. आणि तिची हीच सवय. बॉल गेला की कमरेवर हात. मी तिला दहा वेळा ओरडून सांगितलं, मग बसवलं. दोन मॅच बसवलं. तिसऱ्या मॅचला ती आलीच नाही, पुन्हा कधीच आली नाही. तिची आई माझ्या घरी येऊन म्हणाली, "तुम्ही माझ्या मुलीचा खेळ संपवलात." मी तेव्हा दारात उभं राहून सांगितलं की बाकीच्या अकरा मुली काय बघत होत्या ते मला पाहावं लागतं. उंचीमुळे एकीला उभं राहायची सूट दिली, तर उद्यापासून पळणाऱ्या पोरींना मी कोणत्या तोंडाने "बॅक" म्हणू? मी बरोबरच केलं. आजही तसंच करेन. तुमच्या सरांनी केलं तेही बरोबरच आहे.

फक्त एक. बसवल्यावर मी तिच्याशी बोलले नाही. तिला कळलं असेलच, असं मी धरून चालले. माझ्या कोचनी जे केलं होतं तेच मी केलं, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. कधीतरी फोन करायचा आहे.

त्यामुळे तू वाट बघत बसू नकोस. सर आपणहून येऊन सांगतील, ही आशा सोड. आमच्या पिढीला ते येत नाही. उद्या प्रॅक्टिसच्या आधी जा, नंतर नको, नंतर तू दमलेली आणि चिडलेली असतेस. "मला का बसवता?" असं विचारू नकोस, त्याला उत्तर म्हणून भांडण मिळतं. "सर, मी डिफेन्सला उशिरा येते का?" एवढंच विचार. ते दोन वाक्यं बोलतील. ती ऐक आणि तिथून निघ. समजावून सांगू नकोस. तो फाउल होता, हेसुद्धा सांगू नकोस. हो, फाउल होता, मला मान्य आहे, पोरी, पण गप्प बस.

आणि त्या फर्स्ट इयरच्या मुलीशी बोल. तुझा शॉट तिला शिकव. तुझी मिनिटं जातील म्हणून घाबरू नकोस, ती आधीच गेलेली आहेत. प्रॅक्टिसला तिच्या बाजूने पळ. ती मागे धावायला लागली की तिच्याआधी पोच, रोज. थोडे दिवस फार अवघड जाईल, कारण तुझ्या अंगात तो हात पसरायचा झटका बसलाय, विचार करायच्या आधीच हात वर जातात. त्याला उपाय मला एकच माहीत आहे. बॉल गेला की त्याच क्षणी तोंडाने मोठ्याने "बॅक" म्हणायचं. ओरडताना रेफरीशी बोलता येत नाही. आणि बेंचवर बसशील तेव्हा चेन उघडी ठेव. दर पाच मिनिटांनी उठून पाय हलव. तुमचं ग्राउंड उघड्यावर आहे, सिमेंटवर धूळ असते. बुटाचे तळवे ओल्या फडक्याने पुसून तयार बस. हाक आली की चेन ओढण्यात आणि तळवे पुसण्यात वेळ जाता कामा नये.

तुला वाटेल, मी एवढं लांबलचक लिहिलं आणि सांगितलं एकच. हो, एकच सांगितलं. माझ्याकडे तेवढंच आहे आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे.

बुधवारी तुमची पुढची मॅच आहे असं तुझी आई म्हणाली. त्या भावाला सांग, मोबाइल चार्ज करून आण. मला पूर्ण मॅच पाठव, वॉर्मअपपासून, बेंच दिसेल अशी. काही कापू नकोस.

तुझी,
मॅडम