वीजबिल अचानक चौपट आलं, तर चूक शोधायची कुठे?

तुमचा प्रश्न: ऐरोलीत भाड्याच्या वन बीएचकेत दोघंच राहता, एसी नाही, महिन्याला १५० युनिटच्या आसपास वापर. या वेळी एकदम ४८६ युनिट आणि बिल सात हजारांच्या घरात. मीटर पळतोय की बिलात चूक आहे?

सात हजारांचा आकडा आधी बाजूला ठेवा. रुपयांवरून काही कळत नाही, कारण आपले दर टप्प्यांचे आहेत. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग, आणि त्यापुढचं विचारूच नका. त्यामुळे युनिट सव्वातीनपट झाले की रुपये सहज चौपटीच्या वर जातात. भानगड असलीच तर ती ४८६ मध्ये आहे.

बिल आणि मोबाईल घेऊन खाली मीटर रूममध्ये जा. मीटरवर कोरलेला क्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी जुळतो का बघा. बाजूला खडूनं किंवा स्टिकरवर लिहिलेल्या फ्लॅट नंबरवर जाऊ नका, का ते पुढे सांगते. डिस्प्लेवर आकडे फिरत असतात. केडब्ल्यूएचचा (म्हणजे युनिटचा) आकडा येईपर्यंत थांबा आणि फोटो काढा. बिलावरचं 'चालू रीडिंग' या आकड्यापेक्षा जास्त असेल तर विषय संपला, रीडिंग चुकलंय. मी नेरूळला ३२ फ्लॅटच्या सोसायटीची खजिनदार आहे, त्यामुळे सगळ्यांची बिलाची रडगाणी माझ्याच दारात येतात. एकदा शेकड्याच्या जागचा ३ हा ८ असा वाचला गेला आणि एका आजोबांना ५०० युनिट जास्तीचे लागले. फोटो दाखवल्यावर बिल दुरुस्त झालं, पण आजोबांचं बीपी मात्र आठवडाभर वर होतं.

रीडिंग बरोबर निघालं तर मागची दोन-तीन बिलं काढा आणि 'मीटर स्थिती' बघा. लॉक, सदोष किंवा रीडिंग मिळालं नाही असं काही दिसलं तर त्या महिन्यांत सरासरीनं बिल लावलेलं असतं आणि नंतर खरं रीडिंग आलं की साठलेले सगळे युनिट एकदम येतात. तुमचे ४८६ भागिले तीन म्हणजे १६२, तुमच्या नेहमीच्या वापराच्या अगदी जवळ! असं असेल तर टप्पेही तीन महिन्यांचे धरायला हवेत. म्हणजे पहिल्या टप्प्यात ३०० युनिट, दुसऱ्यात १८६ आणि तिसऱ्यात शून्य. शिवाय आधी भरलेली सरासरीची रक्कम वजा झालेली दिसली पाहिजे. ४८६ युनिट एकाच महिन्याचे धरून तिसऱ्या टप्प्यात घातले असतील तर तुम्हाला चांगलाच भुर्दंड बसलाय. बिलावर टप्पानिहाय युनिट छापलेले असतात. बहुतेक लोक तिथं बघतच नाहीत, थेट खाली 'देय रक्कम' गाठतात.

आता स्टिकरची गोष्ट. मागे एका गणपतीत आम्ही सगळे वीस दिवस सावंतवाडीला होतो. घरात फक्त फ्रिज चालू, तोही रिकामा. तरी बिल आलं २९० युनिटचं. नवऱ्याचं म्हणणं, "फ्रिज जुना झालाय." मी रविवारी खाली गेले, त्याला वर ठेवलं आणि फोनवर सांगितलं, "मेन स्विच पाड." त्यानं पाडला. आमच्या मीटरवरचा लाल दिवा मात्र लुकलुकतच राहिला. मी दोनदा विचारलं, "नक्की पाडलास ना?" तो म्हणाला, "अगं, अंधारात उभा आहे मी." मग त्याला दर मिनिटाला स्विच वर-खाली करायला लावून एकेक मीटर बघत गेले. वरच्या मजल्यावरच्या घराच्या मीटरचा दिवा आमच्या स्विचबरोबर थांबत होता. मीटरचं पॅनल बदललं तेव्हा वायरमननं दोन घरांच्या वायरी अदलाबदल केल्या होत्या. स्टिकरवर नंबर काहीही असो, वायर कुठल्या घराला जाते ते त्यावरून कळत नाही. म्हणजे दीड वर्ष आम्ही त्यांचा एसी पोसत होतो!

दोन्ही घरांच्या सह्यांचा अर्ज दिला, माणूस येऊन तपासून गेला, वायरी जागच्या जागी आल्या आणि आमची जादा रक्कम पुढच्या बिलांतून वळती झाली. वरच्या काकूंना मात्र फरक भरावा लागला. त्यांनी चार महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, जणू वायरी मीच बदलल्या. तुम्ही भाडेकरू आहात, पॅनल कधी बदललं ते तुम्हाला ठाऊक नसणार, म्हणून ही तपासणी कराच. पाच मिनिटांचं काम आहे.

मीटर खरंच पळतोय का, हे सगळ्यात शेवटी बघा, कारण तसं क्वचितच निघतं. मीटरवर ३२०० इम्पल्स असं काहीतरी लिहिलेलं असतं. याचा अर्थ एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करून फक्त १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड लावा (बादलीत पाणी असू दे) आणि मिनिटभर दिवा मोजा. साधारण ५३ वेळा लागला तर मीटर ठीक आहे. व्होल्टेजप्रमाणे पाच-सहा इकडेतिकडे होतात. इस्त्री लावू नका, ती मध्येच बंद पडते. सत्तर-ऐंशी वेळा दिवा लागला तर फी भरून मीटर तपासणीचा अर्ज करा.

काही गोष्टी चूक वाटतात पण नसतात. वीज शुल्क घरगुती वापराला १६ टक्के लागतंच. सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तर ते दुबार बिल नव्हे. २०२१ पासून ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी लागते आणि तिच्यावर व्याज मिळतं. 'दर संकेत' (म्हणजे घरगुती की व्यापारी दर लावलाय तो कोड) मात्र बघा. आधी तिथं कुणाचं ऑफिस असेल तर व्यापारी दर तसाच राहिलेला असू शकतो.

तक्रार लेखीच द्या. खिडकीवर आवाज चढवून काही होत नाही. अर्जाला मीटरचे फोटो आणि मागची सहा बिलं जोडा आणि प्रतीवर पोच घ्या. बिल मालकाच्या नावावर असेल तर सही त्यांचीच घ्या. तक्रार चालू असताना वीज तोडतील ही भीती असेल तर विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ लक्षात ठेवा. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली की वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीसही लागते. कार्यालयानं दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. तिथं वकील लागत नाही.

आधी मागच्या तीन बिलांवरची 'मीटर स्थिती' आणि टप्प्यांचे युनिट इथे टाका. तुमची गाठ कुठे आहे ते त्यावरूनच दिसेल.