नवी रेकॉर्ड की जुनी? आधी सुई बघा, मग संगीत कोणतं ते बघा

परभणीच्या सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा: मामांकडून जुना पेटीवजा प्लेअर आणि पिशवीभर रेकॉर्ड मिळाल्यात. आता हिंदी सिनेमा, भावगीतं, शास्त्रीय आणि थोडं जॅझ-रॉक अशा नव्याने छापलेल्या एलपी (विनाइल प्लास्टिकच्या, मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे तर ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्ड) घ्यायच्यात. त्या घ्याव्यात का, आणि १८० ग्रॅमची महाग रेकॉर्ड खरंच सरस असते का?

दोन-तीन हजारांची नवी एलपी आणलीच असेल, तर ती त्या प्लेअरवर अजून लावू नका. अशा पेट्यांमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग, जुन्या पद्धतीचा) असतं आणि सुईचा भार पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त पडतो. आजच्या चांगल्या साध्या कार्ट्रिजचा भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो, अगदी स्वस्तातल्याचा साडेतीन. त्यात जुनी सुई झिजलेली असली, तर खाचेतले सगळ्यात नाजूक सूर, म्हणजे तानपुऱ्याची जवारी, झांजेची किणकिण, गाणाऱ्याचा 'स', ती खरवडून काढते. गेलेलं परत येत नाही. मामांचा प्लेअर जपून ठेवा, पण नव्या रेकॉर्डसाठी भार कमी-जास्त करता येईल असा वेगळा टर्नटेबल घ्या. त्यात फोनो प्रीअँप आहे ना, हे विचारून घ्या. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात, ते पूर्ववत करायचं काम प्रीअँपचं. तो नसेल तर आवाज पातळ, चिरका येतो आणि माणूस उगाच रेकॉर्डला नावं ठेवतो.

पिशवीत जड, ठिसूळ रेकॉर्ड असतील तर त्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या. त्यांची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद, म्हणून त्यांना सुईही जाड लागते. आणि त्या स्पिरिटने कधीच पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

आता मूळ मुद्दा. नव्या रेकॉर्डबद्दल एकच गोष्ट धरून बसा: हा आवाज कशावरून घेतलाय? मूळ टेपवरून, चांगल्या डिजिटल प्रतीवरून, की बाजारातल्या सीडीवरून? वजनाचा आवाजाशी फारसा संबंध नाही. १२० ते १४० ग्रॅमच्या जुन्या एलपी उत्तम वाजतात. १८० ग्रॅमची रेकॉर्ड हाताला भारदस्त लागते, पण आत सीडीचाच आवाज कापलेला असेल तर पैसे प्लास्टिकचे दिले. चांगलं काम करणाऱ्या कंपन्या मास्टरिंग (छापण्याआधीची आवाजाची शेवटची जुळवणी) कोणी केलं, टेप कोणती वापरली, हे कव्हरवर अभिमानाने छापतात. जिथे यातलं काहीच लिहिलेलं नाही, तिथे मी खिशात हात घालत नाही.

जॅझमध्ये हे फार जपावं लागतं. युरोपात १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेत, त्यामुळे पन्नाशीच्या दशकातलं जॅझ तिथे कोणीही छापू शकतं. रंगीत रेकॉर्ड, देखणं कव्हर, कमी किंमत, आणि आवाज कुठून उचलला त्याचा पत्ता नाही, अशा एलपी आपल्याकडेही ऑनलाइन भरपूर येतात. उलट मन लावून केलेली नवी आवृत्ती पहिल्या छापापेक्षाही बरी निघते. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या एलपीची पहिली बाजू टेपयंत्राच्या वेगातल्या चुकीमुळे किंचित चढ्या सुरात छापली गेली होती, ती १९९० च्या दशकात दुरुस्त झाली. आपल्या कानाला स्वर थोडा जरी हलला तरी खटकतो, तेव्हा इथे नवीच घ्या. पाश्चात्त्य रॉकलाही साधारण हाच न्याय. मूळ छाप आपल्या आवाक्यात नसतात आणि नव्या आवृत्त्या बऱ्याचदा नीट केलेल्या असतात.

हिंदुस्तानी शास्त्रीय संगीताचं मात्र उलटं आहे. साठ-सत्तरच्या दशकांत कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या एचएमव्हीच्या एलपी आजही शोधल्या तर मिळतात, आणि खाच शाबूत असेल तर त्यांतल्या आवाजाला तोड नाही. कव्हरवरचा नंबर वाचायला शिका: शास्त्रीय मालिकेत 'ईएएलपी' असेल तर मोनो (सगळा आवाज एकत्र), 'ईएएसडी' असेल तर स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा). मोनोला कमी लेखू नका. एकट्या गळ्याचं गाणं मोनोत फार जवळून येतं. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत जुनी-नवी दोन्ही चालतात. जुनी प्रत बहुधा भरपूर वाजवलेली असते, कारण ती वाजवायलाच घेतलेली होती. तिथे स्वच्छ नवी प्रत घेणं शहाणपणाचं. भावगीतांना जुन्याशिवाय इलाज नाही. ती बहुतेक ७८ वर आणि ईपींवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर आली, आणि त्यातलं फारच थोडं विनाइलवर पुन्हा छापलं गेलंय. याची मला मनापासून खंत वाटते.

शोधायला फार लांब जायची गरज नाही. १९५६ पर्यंत आपण मराठवाड्यातले हैदराबाद राज्यात होतो, म्हणून नांदेड-परभणी-संभाजीनगरच्या जुन्या घरांतून मराठीबरोबर कव्वाली आणि उर्दू गझलाही निघतात. घर पाडायला काढलं की आधी तिथे चौकशी करा, भंगारवाल्याच्या आधी. हैदराबादचा जुमेरात बाजार गुरुवारी भरतो, देवगिरी एक्स्प्रेसने जाता येतं. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघा. बारीक केसासारखे ओरखडे चालतात. नखाला अडकणारा ओरखडा हमखास टक्-टक् वाजतो. ओरखडे नाहीत पण खाचा पांढुरक्या दिसतायत, तर ती जड सुईने खाल्लेली आहे, घेऊ नका.

ऑनलाइन मागवायची असेल तर एप्रिल-मे टाळा. पत्र्याच्या गोदामात किंवा कुरिअरच्या गाडीत रेकॉर्ड दिवसभर राहिली, तर आपल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ती वाकायला वेळ लागत नाही. घरीही उभीच ठेवा, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. नवी रेकॉर्डसुद्धा आधी धुवा, कारखान्यातली कागदाची धूळ तिच्यावर असतेच. फक्त बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचेत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, तेच घ्या. आली की लगेच लावूनही बघा. भोक मध्यावर नसेल तर सुईचा दांडा डावी-उजवीकडे डोलतो आणि लांब स्वर थरथरतो. असा माल परतीची मुदत संपायच्या आत परत करा, सवय होईल म्हणून ठेवू नका.

मामांच्या रेकॉर्डच्या लेबलांचे आणि सुई जिथे थांबते त्या कोऱ्या पट्टीवर कोरलेल्या नंबरांचे फोटो इथे टाका. त्यातलं काय आधीच तुमच्याकडे आहे ते कळलं, की नवीन काय घ्यायचं ते नावानिशी सांगतो.