सह्या होतील हो ताई, मतदानाचं आत्तापासून बघा

प्रश्न: नमस्कार. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावातलं लायसनवालं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही बचत गटाच्या बायका सह्या जमवतोय, पण बऱ्याच जणी म्हणतात, 'सही करसू माय, पन घरना माणूसले सांगू नका.' सह्या कमी पडल्या तर? आणि माझा भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे सह्या जमवून नगरपालिकेच्या कारभारातला बदलसुद्धा थेट मतदानाला लावता येतो, तसं आपल्या ग्रामपंचायतीचं होईल का?

उत्तर: ताई, आधी भाच्याचं. तो खरं सांगतोय, कॅलिफोर्नियात तर हा हक्क १९११ पासून आहे. आपल्याकडे पंचायतीचा कायदा विधिमंडळात बदलतो, त्यासाठी कितीही सह्या दिल्या तरी ते निवेदनच राहतं. दारूच्या दुकानाचं मात्र वेगळं आहे, २००८ च्या शासन आदेशाने गावाला सह्या करून मतदान मागता येतं आणि हा हक्क आपल्या बायकांनी पुरेपूर वापरावा असं मला मनापासून वाटतं.

गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींच्या सह्या लागतात. समजा यादीत १२०० बायका आहेत तर ३०० सह्या. म्हणजे ज्या घाबरतात त्यांच्यावर जोर करू नका, सह्यांची पडताळणी होते, अधिकारी विचारायला येतात, तिथे एखादी दबावाखाली 'ही सही माझी नाही' म्हणाली तर अर्जच लंगडा पडतो. त्यांना एवढंच सांगा की मतदान गुप्त असतं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद, आत कोणी काय केलं ते नवऱ्याला काय कुणालाच कळत नाही. सही ज्या त्या बाईनेच करायची, नाहीतर अंगठा, सुनेने सासूची केली असं नको, आणि प्रत्येकीपुढे मतदार यादीतला अनुक्रमांक लिहा. ३०० लागत असतील तर ४०० च्या वर जमवा, काही बाद होतातच. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या.

खरी लढाई पुढे आहे. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही! १२०० मध्ये ६०१. आता तुमच्या भागातून दिवाळीनंतर किती घरं ऊसतोडीला जातात ते तुम्हालाच माहीत, समजा ३०० बायका बाहेर असल्या तर उरलेल्या ९०० मधून ६०१ आणायच्या, म्हणजे तीनातल्या दोघी. जी घरी बसली तिचं मत दुकानाच्याच कामी आलं समजा.

म्हणून सह्यांना फिरताना यादीची प्रिंट हातात ठेवा आणि घरोघर खुणा करत जा, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं तरी नाव इथेच आहे, कोणत्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे. बीएलओकडे, म्हणजे गावातली मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, नाव काढायला ७ नंबरचा फॉर्म, पत्ता बदलून इकडे आणायला ८ नंबरचा. मेलेल्या माणसांची नावं यादीत राहिली की तुमचा आकडा उगाच वाढतो, त्यामुळे हे काम कंटाळवाणं असलं तरी सोडू नका. कापूस वेचणीच्या दिवसात दिवसा कोणी भेटत नाही, संध्याकाळी चुली पेटल्या की जा.

आणि तारखेचं बघा. तारीख प्रशासन ठरवतं, पण अर्ज कधी द्यायचा ते तुमच्या हातात आहे. ऊसतोडीवाले आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला परततात, पण नेमक्या आखाजीला गावातल्या सुना माहेरी असतात, तेव्हा मतदान त्या आठवड्यात येऊ नये अशी लेखी विनंती अर्जासोबतच करा.

एक राहिलं, या मतदानाने फक्त लायसनवालं दुकान बंद होतं. हातभट्टी आधीच बेकायदा आहे, तिच्यासाठी मतदान लागत नाही, उत्पादन शुल्क खात्याकडे आणि पोलिसात लेखी तक्रार आजच द्या, दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाईक तिकडे वळायच्या आत.