सोसायटीत सगळ्यांनी मिळून बघावी अशी जुनी टेनिस डॉक्युमेंटरी कोणती? मुलं बसतील का?

विल्यम क्लाइनची 'द फ्रेंच' लावा. 1982 ची आहे. आणि मुलं बसतात, हे मी स्वतः पाहिलंय. पुण्यात आमच्या सोसायटीच्या कोर्टावर, सरावाच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून आम्ही ती दाखवली होती.

तुमच्या कमिटीत काही जण म्हणतील की डॉक्युमेंटरी कोण बघणार, त्यापेक्षा गाजलेल्या मॅचचे तुकडे लावू. आमच्याकडेही हाच सूर होता. पण तुकडे प्रत्येकाच्या फोनवर आहेत, त्यासाठी कोणी खुर्ची उचलून खाली येत नाही. 'द फ्रेंच'मध्ये 1981 च्या फ्रेंच ओपनचे दोन आठवडे आहेत, तेही आतून. क्लाइनला रोलां गारोसवर, म्हणजे ही स्पर्धा होते त्या पॅरिसमधल्या मैदानावर, पडद्यामागे कॅमेरा न्यायची मुभा होती. खेळाडूंची कपडे बदलायची खोली, मालिश, आपली मॅच लागेपर्यंतचं ताटकळणं, असं सगळं त्यात येतं. क्लाइन मूळचा न्यूयॉर्कचा, पण पॅरिसमध्येच राहिलेला, आणि हाडाचा फोटोग्राफर. त्यामुळे त्याची नजर चेंडूइतकीच माणसांच्या चेहऱ्यांवर असते. टेनिसचा ओ की ठो कळत नसलेल्या आमच्या शेजारच्या आजी शेवटपर्यंत बसल्या, त्या यामुळेच.

माणसंही कोण कोण आहेत बघा, सगळे त्या काळचे गाजलेले खेळाडू: बोर्ग, मॅकेन्रो, लेंडल, ख्रिस एव्हर्ट, नस्तासे. आणि फ्रेंचांचा लाडका यानिक नोआ. त्या वर्षी तो उपांत्यपूर्व फेरीत हरला. दोनच वर्षांनी, 1983 मध्ये, त्याच मैदानावर तो जिंकला, आणि त्यानंतर आजवर एकाही फ्रेंच पुरुषाला ती स्पर्धा जिंकता आलेली नाही. मध्यंतरात मुलांना एवढं सांगितलं, तर नोआ दिसला रे दिसला की मुलं ओरडायला लागली.

फायनलचा निकाल मात्र आधी फोडू नका. तुम्हाला सांगतो: बोर्गने लेंडलला 6-1, 4-6, 6-2, 3-6, 6-1 असं हरवलं. आमच्या मोठ्यांना ते माहीत होतं, मुलांना अजिबात नव्हतं. चौथा सेट लेंडलने घेतला तेव्हा पुढे सतरंजीवर बसलेली पोरं गुडघ्यांवर उभी राहिली. 1981 ची मॅच!

आणखी एक करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या कोर्टाची निगा जे राखतात, त्यांना घरच्यांसकट बोलवा आणि पुढे बसवा. आमचे कोर्टवाले काका वीस वर्षं पहाटे पाणी मारतात, रोलर फिरवतात, फक्कीने पट्टे आखतात. आधी ते मागे कुंपणाला टेकून उभे होते, आग्रह करून त्यांना पहिल्या रांगेत आणलं. मध्यंतरात त्यांनी मला विचारलं, "ती माती आपल्यासारखीच का?" मी सांगितलं, ती माती नाहीच, विटांची भुकटी आहे, जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तिच्याखाली चुनखडीचा थर असतो. काकांनी चिमटीत आमची माती घेतली, बोटांवर चोळली आणि म्हणाले, "मग उन्हात लगेच उडत असणार. पाणी सारखं मारावं लागत असेल." अगदी बरोबर आहे, तिथे पाण्यावरच सगळं चालतं. चहा संपेपर्यंत पोरं काकांभोवती गोळा झाली होती.

आता व्यवस्थेचं. विकत घेतलेली डिस्क किंवा घरचं सबस्क्रिप्शन घरापुरतंच असतं. तिकीट नसलं तरी चारचौघांत दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते. वितरकाला महिनाभर आधी लिहा, जवळपास फिल्म सोसायटी असेल तर तिथल्या लोकांना वाट माहीत असते. बोलणं फ्रेंच आणि इंग्रजीत आहे, त्यामुळे लहान मुलांना सबटायटल झेपत नाहीत. आम्ही सुरुवातीला पाच मिनिटं मराठीत माणसांची ओळख करून दिली, तेवढं पुरलं. आधी स्वतः एकदा पूर्ण बघून ठेवा.

लांबी सव्वादोन तासांच्या आत-बाहेर. मेअखेरीस आपल्याकडे साडेसातला अंधार पडतो आणि उघड्यावर स्पीकर दहाला बंद करावा लागतो, म्हणजे मध्यंतर धरून जेमतेम बसतं. साडेसात म्हणजे साडेसातच. फ्रेंच ओपन चालू असतानाचा शनिवार धरा, पण फायनलचे दिवस टाळा, तेव्हा संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे असतात. वळवाचा भरवसा नाही, तेव्हा क्लबहाउस हाताशी राहू द्या.

आणि फिल्म संपल्यावर लगेच दिवे लावू नका. आम्ही अंधारातच, माइक न घेता, पुढचं सांगितलं: बोर्गचं हे सहावं फ्रेंच विजेतेपद होतं आणि शेवटचं ग्रँड स्लॅमही. आदल्याच दिवशी त्याला पंचविसावं वर्ष पूर्ण झालं होतं. त्याच वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन, दोन्ही फायनल तो मॅकेन्रोकडून हरला आणि 1983 च्या जानेवारीत, सव्वीसाव्या वर्षी, निवृत्त झाला. पहिल्या रांगेतून एका अकरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "पण का?" त्यावर आमच्याकडचे साठीतले दोघं बोलायला लागले. त्यांनी तो काळ रेडिओवर आणि पेपरात जगलेला. दोघांचं एकमत होईना, आणि मुलगी ऐकत उभी. सव्वाअकराला वॉचमनने गेट लावायचं का विचारलं तेव्हा कुठे ते उठले. म्हणून कोर्टाचे दिवे साडेअकरापर्यंत मागून ठेवा.